तुमचं मशीन पुन्हा हलतंय

ती गेल्याचं मला चपलांवरून कळलं.

तिच्या प्रयोगशाळेत बुटांना मनाई होती. आत सगळे कापडी तळाच्या चपला घालत, कारण पावलांची नुसती थरथरसुद्धा तिथल्या सूक्ष्मदर्शकाला सोसायची नाही. त्या चपला घालून कोणी जिना उतरायचं नाही. आणि त्या सकाळी थंडोबा त्याच चपलांत रस्ता ओलांडून माझ्या लाँड्रीच्या दारात उभा होता. थंडोबा तिच्याबरोबर काम करायचा. यंत्र थंड ठेवणं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. त्याचे ओठ हलत होते, पण मशीनच्या आवाजात मला काही ऐकू येईना. मी मशीन बंद केलं आणि म्हणालो, "हां, आता बोल."

तो म्हणाला, "बोललो मी."

खुर्चीत बसल्या बसल्या गेली, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. टेबलालासुद्धा धक्का लागला नाही म्हणे. तिला ते पसंत पडलं असतं.

त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. मला लिहायचंय ते ती पहिल्यांदा लाँड्रीत आली त्याबद्दल. ही हकीगत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तीच सांगायची, आणि फार वाईट सांगायची. मी मध्ये तोंड घातलं की म्हणायची, "तू थांब रे, तुला नीट आठवत नाही." आता थांबवायला कोणी नाही, म्हणून मी सांगतो. मला सगळं नीट आठवतं.

आमची तत्पर लाँड्री म्हणजे रस्त्याच्या बाजूला काउंटर, मागे धुलाईची खोली आणि तिच्या मागे छोटं अंगण. काउंटरवर आत्या बसायची. मला तिनेच वाढवलं होतं, त्यामुळे धंदाही तिचा आणि मीही तिचाच. धुलाईच्या खोलीत एक मोठं गोल मशीन होतं. ओले कपडे त्यात टाकायचे, ते गरगर फिरतं आणि पाणी पिळून निघतं. धंद्यात त्याला हायड्रो म्हणतात. आत्या त्याला रेडा म्हणायची. कपडे सगळीकडून सारखे भरले तर रेडा गुणी. पण हॉटेलच्या चादरी एका बाजूला गोळा झाल्या की तो असा उधळायचा की काउंटरवरची पेन्सिल आपोआप खाली पडायची.

थंडीचे दिवस होते. बाहेर गारठा आणि आत वाफ, त्यामुळे चष्म्याचं गिऱ्हाईक दारातून आत आलं की काही वेळ आंधळंच व्हायचं. ती तशीच आली. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या. काउंटरच्या शेजारी, उभ्या दांडीवर, एका भरभक्कम वकिलांचा इस्त्री केलेला ओव्हरकोट लावलेला होता. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे बघा, मालक तुम्हीच ना? तुमच्या मशीनमुळे माझा अणू हलतोय."

कोट काही बोलला नाही.

"असं गप्प बसून चालणार नाही. कुठून धक्का येतोय ते शोधत मी भिंतींना हात लावत फिरतेय. बेकरीत जाऊन आले. छापखान्यात जाऊन आले. दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही, खुर्चीतच बसवलं. एक दाढ भरून घेतली मी तुमच्यापायी!"

मी मागच्या दारात ओल्या चादरींचा गठ्ठा घेऊन उभा होतो. हसू दाबताना चादरींचं पाणी माझ्या पायांवर गळत होतं.

आत्या शांतपणे म्हणाली, "मॅडम, तो वकिलांचा कोट आहे. तो कोर्टातसुद्धा फारसं बोलत नाही."

तिने चष्मा काढला, बाहीला पुसला, पुन्हा लावला. कोटाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाली, पण माघार घेतली नाही.

"मग मालक कोण?"

"मालक मी," आत्या म्हणाली. "हलवणारा हा."

"तुमचा… काय हलतोय म्हणालात?" मी विचारलं.

"अणू."

"किती मोठा असतो?" आत्याने विचारलं.

"दिसत नाही, एवढा."

"मग त्याला धक्का लागला हे तुला कळलं कसं गं?"

इथे ती खुलली. कोणी अणूबद्दल विचारलं की तिचं असंच व्हायचं, हे मला पुढे कळायचं होतं. आत्याने स्टूल पुढे केलं, आणि ती भांडायला आलेली बाई त्यावर बसून आम्हाला शिकवायला लागली.

तिच्या अणूचं नाव होल्मियम. अशा जातीच्या धातूंना दुर्मिळ मृदा म्हणतात.

"दुर्मिळ म्हणजे महाग असेल," आत्या म्हणाली.

"नाही हो, तितके दुर्मिळ नाहीत ते. जुन्या लोकांनी नाव ठेवलंय, ते चालू आहे."

"असू दे. आमच्या लाँड्रीचं नावसुद्धा तत्पर आहे."

लोहचुंबकाचा लहानात लहान तुकडा किती लहान असू शकतो, हे तिला बघायचं होतं. एकच अणू चुंबक म्हणून राहील का? त्याचं एक टोक वर आणि एक खाली, ही दिशा तो धरून ठेवेल का? पण नुसत्या धातूच्या पाठीवर ठेवला की त्याची पंचाईत व्हायची. खाली धातूतल्या इलेक्ट्रॉनांची ही वर्दळ. कोणी इकडून ढकलतो, कोणी तिकडून. बिचारा घडीत उलटा, घडीत सुलटा, आपली दिशा कोणती हेच विसरून जातो.

"एकत्र कुटुंब," आत्या म्हणाली.

"अगदी तसंच! म्हणून मी मध्ये एक थर घातला. एवढा पातळ की थर म्हणायचीसुद्धा लाज वाटावी. त्यावर तो बसला की धातू जवळच असतो, पण ढकलाढकली पोचत नाही. आता त्याला आपली दिशा लक्षात राहते. किती वेळ राहते ते मला मोजायचंय. पडद्यावर एक रेघ चालते. अणू उलटला की रेघ पायरी चढल्यासारखी उडी मारते. मागे तिने उडी मारली, तेव्हा मी आनंदाने सगळ्यांना सांगून बसले की उलटला, मी बघितला, उलटला! मोठ्या साहेबांनी पेढ्यासारखं तोंड करून माझं अभिनंदन केलं. आणि मग…"

"मग?"

"मग ती उडी रोज त्याच वेळेला पडायला लागली. अणू आपल्या मर्जीने उलटतो हो, घड्याळ बघून नाही उलटत. तेव्हा मला कळलं की अणू नाही, इमारत हलतेय. सगळे हसतायत मला. आणि हे सगळं तुमच्या या रेड्यामुळे."

आत्या चमकली. "त्याला रेडा मी म्हणते. तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? दिसतोच तसा."

त्या क्षणी आत्या तिच्या बाजूला गेली, ती कायमची.

आमच्यात तह झाला. प्रयोगशाळेची एक खिडकी आमच्या दारातून दिसायची. तिचं मोजमाप चालू असेल तेव्हा तिने त्या खिडकीत पांढरा टॉवेल लावायचा, आणि टॉवेल दिसला की मी रेडा सुरू करायचा नाही. टॉवेलही आमचाच, ती काउंटरवरून उचलून घेऊन गेली.

मग टॉवेल रोज दिसायला लागला. कधीकधी सकाळपासून दुपारपर्यंत. अंगणात ओल्या चादरींचे डोंगर साचले. हॉटेलचा मॅनेजर येऊन ओरडायला लागला, "पाहुणे गादीवर वर्तमानपत्र टाकून झोपतील का?" मी म्हणायचो, "साहेब, वर अणू आहे." तो म्हणायचा, "असेना! त्याला चादर लागत नाही, माझ्या पाहुण्यांना लागते." बरोबरच होतं त्याचं. पण मी खिडकीकडे बघत बसायचो. टॉवेल खाली आला की दहा चादरी भरायचो, आणि तो जरा जास्त वेळ खाली राहिला तर मला करमायचं नाही. मॅडम गेल्या की काय घरी?

ती रोज कोट धुवायला आणायची. प्रयोगशाळेतला पांढरा कोट. मी उलटासुलटा करून बघायचो.

"मॅडम, हा मळलेला नाही."

"तुम्हाला काय माहीत? सूक्ष्म मळ असेल."

"कालच धुतलाय मी."

"मग आज पुन्हा धुवा. गिऱ्हाईकाशी वाद घालता?"

वाद घालायचा नव्हता मला. ती उभी राहावी एवढंच हवं होतं. वाफेने तिच्या कपाळावरचे बारीक केस ओले होऊन चिकटायचे आणि ते बाजूला करायला तिचा हात वर जायचा… मी त्या वेळी इस्त्री करत असलो तर एक-दोन शर्ट जळायचे. वकिलांच्या एका कॉलरवर त्रिकोणी डाग अजून असेल.

एकदा मी विचारलं, "तुमचा अणू एकटाच असतो का हो तिथे?"

"शक्यतो एकटाच ठेवतो आम्ही."

"आणि दोन जवळ ठेवले तर?"

ती हातातलं बटण फिरवत राहिली. "दोन जवळ आले की… एकाची दिशा दुसऱ्याला कळते."

"मग?"

"मग ते एकटे असताना जसे असतात, तसे राहत नाहीत."

"वाईट होतं का त्यांचं?"

"नाही," ती म्हणाली. "मोजायला अवघड होतं फक्त." आणि पावती न घेता गेली.

आत्या मागून म्हणाली, "शर्ट जळतोय."

एके दिवशी तिने मला अणू बघायला बोलावलं. मी ठेवणीतला शर्ट घातला. दारात थंडोबाने मला कापडी चपला दिल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. आत एवढी शांतता की माझ्या पोटातला आवाज मला ऐकू आला. मधोमध स्टीलचं मोठं यंत्र, हवेवर तरंगत असल्यासारखं ठेवलेलं, आणि त्याच्या पोटात जगातली सगळी थंडी. बोलायचं ते कुजबुजत. कुजबुजायचं तर कान जवळ न्यावा लागतो. विज्ञानाची ही बाजू मला तोवर कोणी सांगितली नव्हती.

पडद्यावर करडं मैदान होतं आणि त्यात एक छोटा उंचवटा.

"हा?" मी तिच्या कानात विचारलं.

"हाच." तिचा श्वास माझ्या गालाला लागला.

"एवढ्यासाठी माझ्या चादरी ओल्या राहिल्या?"

"हळू बोला. त्याला ऐकू जाईल."

तिने पडद्यावरची रेघ दाखवली. सरळ, इस्त्री केल्यासारखी. सकाळपासून अणू एकाच दिशेला होता. ती त्याच्याकडे अशी बघत होती की मला त्या होल्मियमचा जरा हेवाच वाटला. मी आणखी जवळ वाकलो. तिच्या केसांना थंडीचा, स्वच्छ असा काहीतरी वास होता. आणि माझ्या नाकात दिवसभराची स्टार्च होती.

मी शिंकलो.

साधी शिंक नाही. आमच्या घराण्याची शिंक आहे, आत्या शिंकली की काउंटरचा गल्ला उघडतो. पडद्यावरची रेघ छताला जाऊन लागली. उंचवटा होता तिथे मैदान राहिलं.

थंडोबाने डोळे मिटले.

"कुठे गेला?" मी विचारलं.

"यंत्राच्या सुईला चिकटला असेल. किंवा…" तिने तोंडावर कोटाची बाही दाबली. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. जवळून बघितलं तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता. त्या खोलीत राहून तिला तशी सवयच झाली होती. पुढे आयुष्यभर ती तशीच हसली.

या प्रकारानंतर मोठ्या साहेबांनी ठरवलं की आता पुरे झालं. त्यांनी त्यांच्या वर्कशॉपमधून रेड्याच्या पायांखाली घालायला जाड रबराचे ठोकळे करून दिले. ते घालायला ती स्वतःच माणसं घेऊन आली. ठोकळे बसले, रेडा सुरू केला, तिने भिंतीला तळहात लावला.

"काही नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"अजिबात नाही." आणि आम्ही दोघं असे उभे राहिलो, जसं कोणाचं काहीतरी हरवलंय.

खिडकीतला टॉवेल दिसेनासा झाला. तो धुऊन, घडी करून थंडोबाबरोबर परत आला. कोटही यायचे थांबले. तिची रेघ सरळ चालली होती, तिला यायचं कारणच उरलं नव्हतं. हॉटेलचा मॅनेजर खूश होता. चादरी वेळेवर, कोरड्या, कडक. मी मात्र जेवताना भाताकडे बघत बसायचो.

"जा," आत्या म्हणाली. "एक ठोकळा काढ."

"असं कसं आत्या? तिचं काम आहे."

"मग जाऊन बोल तिच्याशी."

"काय बोलू? ती एवढी शिकलेली. मी चादरी पिळतो."

"तिने कोटाशी एवढं बोलून घेतलं, तुझ्याशी नाही बोलणार? तू निदान मान तरी हलवतोस."

मी काही गेलो नाही. तेवढ्यात रेड्याचं बेअरिंग गेलं. मेकॅनिक आला, त्याने मशीन पुरतं उघडलं आणि सगळे भाग मागच्या अंगणात फरशीवर मांडून ठेवले. ढोल इकडे, मोटर तिकडे, पट्टा दोरीवर. नवं बेअरिंग यायला आठवडा लागणार होता. लाँड्रीत सामसूम. आत्या काउंटरवर लोकर विणत होती, मी नुसताच उभा.

आणि दार उघडून ती आत आली. चष्मा पांढरासुद्धा झाला नाही, कारण वाफच नव्हती. हे तिच्या लक्षात आलं नाही.

"तुमचं मशीन पुन्हा हलतंय," ती म्हणाली. आवाज कडक होता, पण नजर वकिलांच्या कोटाच्या दांडीवर. "आज सकाळपासून. अणूला सारखे धक्के बसतायत."

माझ्या मागे, दाराच्या पलीकडे, मशीनची मोटर फरशीवर आडवी पडली होती.

आत्याने सुया खाली ठेवल्या आणि तोंड उघडलं. मी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं मी तोवर कधीच कोणाकडे बघितलं नव्हतं. आत्याने तोंड मिटलं. "लोकर संपली," असं म्हणून ती आत निघून गेली. लोकरीचा गुंडा काउंटरवर तसाच होता.

"हो का?" मी म्हणालो. "फार हलतंय?"

"खूप."

"बघतो. आजच बघतो."

"मी उद्या येऊन विचारू का, काय झालं ते?"

"या ना. रोज विचारलेलं बरं. त्याचा काही भरवसा नाही, रोज वेगळंच हलतं."

ती रोज आली. मी मागचं दार घट्ट लावून घ्यायचो. ती यायच्या वेळी मेकॅनिकला चहाला पिटाळायचो. तो म्हणायचा, "मालक, एवढा चहा मला सोसत नाही." एकदा तो लवकर परतला आणि ठोकाठोक सुरू केली.

"हा कसला आवाज?" तिने विचारलं.

"शेजारी काहीतरी चाललंय."

"म्हणजे धक्के त्यांचेच असतील."

"छे छे!" मी घाबरून म्हणालो. "आमचेच आहेत. खात्रीने आमचेच."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघून हसली. आम्ही काय बोलायचो ते विचारू नका. तिची भरलेली दाढ, स्टार्च किती घालावी, आत्याची शिंक, लहानपणी तिने चुंबक गिळला होता ती गोष्ट. काउंटरवर तिचा तळहात टेकलेला असायचा, माझा हातभर अंतरावर. रोज ते अंतर थोडं कमी व्हायचं. कोण सरकायचं ते मला सांगता येणार नाही, तिच्या यंत्रालासुद्धा सांगता आलं नसतं.

बेअरिंग आलं. मशीन जोडून झालं, त्याच दिवशी ती उशिरा आली, आणि तोंड उतरलेलं.

"दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलंय," ती म्हणाली. "गावापासून लांब आहे. आजूबाजूला मोकळा माळ. खूप खोल पाया घातलाय म्हणे. तिथे काही म्हणजे काही हलत नाही."

"मग चांगलंच की," मी म्हणालो. एवढं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

"हो ना. चांगलंच आहे." ती कोटाचं बटण फिरवत होती. "सूक्ष्मदर्शकासाठी तर फारच चांगलं."

"आणि तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी… शांत आहे."

"कधी कळवायचंय?"

"आज संध्याकाळपर्यंत."

जाऊ नका म्हणायचा मला काय अधिकार होता? मी तिच्या कामाचा काय होतो? एक धक्का, तोसुद्धा रबर लावून बंद केलेला. आणि नेमकं त्याच वेळी मेकॅनिकने आत रेडा सुरू करून बघितला. ठोकळे अजून बसवले नव्हते. काउंटर थरथरलं, पेन्सिल घरंगळत खाली पडली. तिचा तळहात काउंटरवरच होता.

"हलतंय," ती म्हणाली.

"थांबवतो!" मी म्हणालो. "अजून ठोकळे लावतो. दुप्पट लावतो. लागलं तर मशीनच विकतो, हाताने पिळेन मी, तुम्हाला एकही धक्का—"

"सगळे नका ना बंद करू," ती म्हणाली.

"अं?"

"थोडे… राहू द्या."

मला समजायला वेळ लागला. आत्याला लागला नाही. मागच्या दाराआडून तिचा आवाज आला, "अरे ठोंब्या, हो म्हण!"

"हो," मी म्हणालो.

"कशाला हो?" तिने विचारलं.

"जे काय असेल त्याला."

ती हसली. इतक्या दिवसांनी आत पुन्हा वाफ झाली होती, तिच्या चष्म्याच्या काचा हळूहळू पांढऱ्या होत गेल्या. तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि डोळे बारीक करून विचारलं, "समोर तुम्हीच आहात ना? वकील नाही ना?"

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "मीच आहे."

ती माळावर गेली नाही. अणूने आपली दिशा धरून ठेवली, हेही तिने इथेच मोजून दाखवलं, आणि आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी तत्पर लाँड्रीचे आभार मानले. आत्याने तो कागद फ्रेम करून दरपत्रकाच्या शेजारी लावला. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" ती म्हणाली, "त्याच्यामुळे माझी रेघ सरळ आली, बाबा." त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी पुढे विचारलंही नाही.

आम्ही लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहिलो. आत्याची खाट आणि आमची खोली यांच्यामध्ये एक पडदा होता. ती म्हणायची, "हाच तो पातळ थर." पलीकडून आत्या म्हणायची, "फारच पातळ आहे गं, सगळं ऐकू येतं."

आता ती पाहुण्यांना काय सांगायची ते ऐका. "मी आपली कामासाठी जायची. मशीन खरंच हलायचं हो. हाच माझ्या मागे लागला होता." आणि माझ्याकडे बघायची, हनुवटी वर करून. माझ्या हातात हुकमाचं पान होतं. मशीन उघडून अंगणात पसरलेलं होतं, हे एक वाक्य मी बोललो असतो तर तिची हनुवटी खाली आली असती. आधी वाटलं, लाजेल, लग्न होऊ दे, मग सांगू. मग वाटलं, मोठं भांडण होईल तेव्हा काढू. भांडणं झाली. पंख्यावरून झाली, तिच्या कामाच्या वेळांवरून झाली, माझ्या शिंकेवरून तर कायम. पण पान काढावं एवढं लांबलं एकही नाही, आधीच तिचे खांदे हलायला लागायचे. मग ठरवलं की अगदी म्हातारपणी सांगू, दात पडल्यावर, तेव्हा जास्त मजा येईल. आत्या तर ते पोटात ठेवूनच गेली.

परवा थंडोबा आला. तिच्या कापडी चपला पिशवीत घालून घेऊन आला होता. आता त्याचेही केस पांढरे झालेत. मी चहा केला. मग तो म्हणाला, "एक विचारू? लग्नाच्या आधी एक आठवडा वहिनी रोज तुमच्याकडे यायच्या, मशीन हलतंय म्हणून. आठवतं?"

"आठवतं."

"आम्ही फार हसायचो तेव्हा. कारण त्या आठवड्यात थंड करायचं हेलियम संपलं होतं. सूक्ष्मदर्शक मीच उघडून ठेवला होता. सुई टेबलावर, अणू नाहीच. आणि त्या रोज चपला बदलून जायच्या, जाताना सांगायच्या, अणूला धक्के बसतायत."

मी कप खाली ठेवला. तिच्याकडे अणू नव्हता. माझ्याकडे मशीन नव्हतं. आणि आठवडाभर आम्ही दोघं त्या काउंटरवर बसून धक्क्यांची काळजी करत होतो.

मी हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच हसलो, आणि आवाज न करता, तिच्यासारखा. थंडोबाला वाटलं मी रडतोय. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याला तसंच वाटू दिलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

तिनेही पान जपून ठेवलं होतं, कोणत्या दिवसासाठी ते आता कळणार नाही. तो गेल्यावर मी चपला दाराशी ठेवल्या, तिच्या जागेवर. मग खाली येऊन रेडा सुरू केला, हॉटेलच्या चादरी होत्या.

त्या आठवड्यात मशीन उघडून अंगणात पडलं होतं, हे तिला सांगायचं राहिलं.